आखाजीची शर्यत

वनाचा फोन आला तेव्हा सारिका घोटाभर चिखलात उभी राहून धक्का ओढत होती.

हिवरखेड्याच्या तलावावर उन्हाळ्यात दर चार दिवसांनी हे काम निघायचंच. पाणी रोज थोडं थोडं मागे सरायचं आणि पिंपांवर फळ्या ठोकून केलेला नौका क्लबचा धक्का कोरड्यात उघडा पडायचा. मग शिबिराला आलेली जळगाव-जामनेरची सगळी पोरंपोरी दोराला लागायची आणि सारिका सगळ्यांच्या पुढे. तिचे सासरे प्रेमराज पाटील, म्हणजे सगळ्या क्लबचे आबा, काठावर खुर्ची टाकून हुकूम सोडायचे. नौदल सोडून त्यांना अडतीस वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज काही नौदल सोडायला तयार नव्हता.

सारिकाने एक हात सलवारीला पुसला आणि फोन कानाला लावला.

“सारू, वना बोली राहिनू.”

तिने दुसऱ्या हातातला दोर सोडला. मागची पाच-सहा पोरं धडाधड चिखलात बसली, आबा ओरडले, तिला काही ऐकू आलं नाही.

“बोल ना भाऊ.”

“परवा आखाजी शे. तुले लेवाले येस. नऊनी गाडीवर उतरसू, बारानी गाडीवर माघारी. माय वाट देखी राहिनी.”

“बरं. ये.”

“ये म्हणी राहिनी, पण मांगलासारखं...”

“ये रे भाऊ,” ती म्हणाली. पुढे बोलता येईना म्हणून तिनेच फोन ठेवला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते. खानदेशातल्या सासुरवाशिणीचं वर्ष आखाजीपासून आखाजीपर्यंतच असतं, बाकीचे सण आपले मधले थांबे. भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, त्याला सासरी गोडधोड जेवू घालतात, आणि बहिणीची पिशवी स्वतःच्या हातात घेऊन तो तिला घेऊन जातो. सारिकाला न्यायला चौदा आखाज्या कोणी आलं नव्हतं. आणि याला कारण हाच तलाव होता.

आबांच्या वडिलांची, चिंधाबाबांची, बारा बिघे जमीन या तलावाखाली गेली तेव्हा प्रेमराजला नुकतं मिसरूड फुटत होतं. तो रागारागाने घर सोडून नौदलात गेला आणि परत आला तो दोन लाकडी होड्या ट्रकवर घालूनच. बापाने जिथे नांगर धरला तिथे आपण सुकाणू धरायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दोनाच्या पाच होड्या झाल्या. त्यांना खानदेशच्या नद्यांची नावं दिली: तापी, गिरणा, पांझरा, अनेर आणि घरची म्हणून बोरी. आखाजीला बाकीच्या गावांत माहेरवाशिणी झोके घेतात, गाणी म्हणतात. आबा म्हणाले, माझ्या तलावावर त्या होड्या चालवतील. नियमही त्यांनीच केला. सुकाणू माहेरवाशिणीच्या हातात, पुढचं लहान शीड तिच्या भावजयीच्या हातात, आणि यच्चयावत पुरुषांनी काठावर बसायचं. होडीच्या तळाशी एक वल्हं असे, ते अडीअडचणीपुरतं. वल्ह्याला हात लावला की शर्यत बाद, बाहेरच्या माणसाने होडीला बोट लावलं तरी बाद.

म्हणजे लग्न झाल्यापासून दर आखाजीला सारिका नणंदेच्या, दिपमालाच्या, पुढ्यात बसली. शिबिराच्या शेकडो पोरांना सुकाणू धरायला तिने शिकवलं, वारा कानाने कसा ओळखायचा ते शिकवलं, आणि आखाजीला स्वतः पुढच्या शिडाचा दोर धरून ‘ताई, ओढू का? ताई, सोडू का?’ करत राहिली. चांगली सून म्हणून तिचं नाव होतं. पण दिपमालाच्या हातातल्या सुकाणूच्या त्या लाकडी दांड्याकडे तिचे डोळे किती वेळा जायचे, ते फक्त तिला माहीत.

चौदा वर्षांपूर्वी वना असाच न्यायला आला होता. शर्यत तासाभरात आटोपेल, मग दुपारची गाडी, दोन्ही होईल, असं सगळेच म्हणाले. आणि मधेच वारा पडला. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबायला लागली आणि होडी तलावाच्या मधोमध उभी राहिली. काठावरच्या बाभळीखाली भावाची पांढरी टोपी सारिकाला दिसत होती. “ताई, वल्हं घेऊ का?” तिने विचारलं. दिपमाला त्या वेळी सगळ्यांच्या पुढे होती. ती म्हणाली, “थांब ना वहिनी, येईल वारा.” वारा अडीच वाजता आला. तोवर क्लबातल्यांना वाटत होतं पाहुणा घरी जेवला असेल, आणि घरच्यांना वाटत होतं तो क्लबात जेवला असेल. मुराळ्याला कोणी घोटभर पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. वना दोनच्या गाडीने निघून गेला. जाताना सारिकाच्या नवऱ्याला, नवलला, एवढंच म्हणाला, “तुमना पानीवर मी आते पाय ठेवाव नही.”

तसं पाहिलं तर भांडण झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायचं काय तेही कोणाला कळेना. भावाच्या मुलींच्या लग्नांना सारिका गेली, वडिलांच्या दहाव्याला गेली, उभ्या उभ्या गेली आणि परत आली. पण आखाजीचं मूळ, न्यायला येणारं माणूस, आलं नाही ते नाहीच. आई मात्र दर वर्षी कोणाच्या तरी हाती सांजोऱ्यांची पिशवी धाडायची. तीन वर्षांपासून तीही बंद झाली होती. आईचे, धुरपदाबाईचे, हात थकले असतील, असं सारिकाने धरून चाललं. आणि आज अचानक वनाचा फोन.

तिने ते दिवसभर कोणाला सांगितलं नाही. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते इतक्या लवकर वाटून टाकावं असं तिला वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिपमाला धुळ्याहून आली. पन्नाशीची, शाळेची मुख्याध्यापिका, माहेरी आली की मात्र पहिल्यांदा चपला भिरकावणारी. क्लबच्या पडवीत सगळे जमले. पडवीच्या भिंतीवर आबांचा फळा होता. क्लबच्या साऱ्या बातम्या ते रोज खडूने त्याच्यावर लिहायचे, आणि मोबाइलवर बातमी पाठवणाऱ्याला आळशी म्हणायचे. सारिका चहा घेऊन आली तेव्हा फळ्यावर लिहिलेलं होतं:

पाणी कालपेक्षा चार बोटं खाली. वारा पश्चिमेचा, साडेनऊनंतर त्याचा भरवसा धरू नये. अनेरची डोलकाठी दुरुस्त झाली. जामनेरची लहान मुलगी काल एकटी लाल पिंपाला वळसा घालून आली, शाब्बास. शिबिरार्थींनी चपला धक्क्यावर काढू नयेत, चार जोड बुडाले आहेत. उद्या आखाजी शर्यत, सकाळी आठ. बोरी: सुकाणू सौ. सारिका, पुढचं शीड सौ. दिपमाला.

सारिकाने शेवटची ओळ दोनदा वाचली.

“आबा, नावं उलटी पडली.”

“फळ्यावर माझं उलटं पडत नाही. दिपाला विचार.”

“माझा खांदा दुखतो,” दिपमाला म्हणाली आणि त्याच खांद्याने वाकून तिने कप उचलला. “आणि वहिनी, तुला धरायचंय सुकाणू. उगाच नाही म्हणू नकोस. किती वर्षं तुझी नजर मला पाठीत टोचतेय.”

“ताई, मी पुढे बसते. पाठीत कशी टोचेल?”

“टोचते. मागे न बघता टोचते.”

पडवीत हसू झालं, पण सासूबाई हसल्या नाहीत. सुनंदाबाईंनी सुपातला गहू बाजूला ठेवला.

“सून माहेरवाशीण कशी व्हई? ती तिना माहेरले माहेरवाशीण. आठे ती सून शे. नियम कोन करा? तुम्हीच ना?”

“मीच केला. आणि मोडत नाही,” आबा म्हणाले. “नीट वाचतोय फक्त. हिला न्यायला चौदा वर्षं कोणी आलं नाही. मग हिचं माहेर कुठलं? हाच तलाव. झाली की नाही ती इथली माहेरवाशीण?”

सारिकाला एकदम भरून आलं. आबा कधी असं बोलायचे नाहीत. वीस-बावीस वर्षांत त्यांनी तिचं केलेलं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे ‘गाठ बरी मारतेस’. आणि आता तिला कोणी न्यायला येत नाही, म्हणून तिच्या हातात सुकाणू मिळत होतं. पोटात साठवलेली गोष्ट सांगायची वेळ नेमकी आताच यावी, याचा तिला राग आला.

“आबा, उद्या वनाभाऊ येतोय. मला न्यायला.”

दिपमालाने कप खाली ठेवला.

“कोन सांगं?” सुनंदाबाईंनी विचारलं.

“त्याचाच फोन होता, काल. नऊच्या गाडीने येतो म्हणाला.”

“चौदा वर्षांनी बरा मुहूर्त सापडला त्याला,” आबा पुटपुटले.

सुनंदाबाईंचा सूर मात्र एका क्षणात बदलला. आता त्या सुनेच्या बाजूने झाल्या, आणि एकदा एखाद्या बाजूने झाल्या की त्या बाजूला दुसऱ्या कोणाला जागाच उरायची नाही. “मंग तू जाय. शर्यत कसानी? मूय परत धाडू नको. एकदा धाडं, तं चौदा वरीस कोनी उनं नही.”

“आई, पण आठ ते नऊ...” दिपमालाने सुरुवात केली.

“तू गप ऱ्हाय. तू तं बोलूच नको.”

चौदा वर्षांत घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोललं नव्हतं. आईने ते असं अर्ध्या वाक्यात बोलून टाकलं आणि दिपमालाचा चेहरा उतरला.

सारिकाने नवऱ्याकडे पाहिलं. नवल नरडाण्याच्या कारखान्यात पाळ्या करायचा, सणापुरता घरी यायचा, आणि घरी आला की शांततेचा भंग होऊ नये याची फार काळजी घ्यायचा.

“तुला वाटेल तसं कर,” तो म्हणाला.

हे वाक्य सारिकाने मुलगी कोणत्या शाळेत घालायची इथपासून भिंतीला रंग कोणता लावायचा इथपर्यंत प्रत्येक वेळी ऐकलं होतं. आज ते ऐकून तिला ओरडावंसं वाटलं. तिला काय वाटतं हेच तर तिला कळत नव्हतं. आईच्या दारात संध्याकाळी टेकून बसावं, आईने केसांतून तेलाचा हात फिरवावा, हे चौदा वर्षं तिला झोपेतसुद्धा हवं होतं. आणि तो लाकडी दांडाही हवा होता. दोन्ही सारखंच हवं होतं, याची तिला लाज वाटली.

आबांनी उठून फळ्याखालचं फडकं उचललं. “पुसतो नाव.”

“राहू द्या,” सारिका म्हणाली.

आबा फडकं धरून थांबले.

“राहू द्या आबा. आठला सुटायचं, साडेनऊच्या आत परत. भाऊ नऊला येईल, जेवेल, तोवर मी आलेच. दोन्ही होईल.”

बोलून गेल्यावर तिला कळलं की हे त्या वर्षीचंच वाक्य आहे. सगळ्यांनाच ते कळलं. सुनंदाबाईंनी सूप परत मांडीवर घेतलं.

“त्याना जेवाननं मी देखस,” त्या म्हणाल्या. “क्लबमा नही, घर नही. मी सोता त्याना सामने बठसू.”

आखाजीची सकाळ बरी उजाडली. घरोघर पितरांच्या घागरी भरून झाल्या होत्या, त्यांच्यावर डांगर म्हणजे खरबूज आणि सांजोऱ्या ठेवून झाल्या होत्या, आणि गाव आठच्या आत तलावावर लोटला होता. शिबिरातली पोरं धक्क्यावर दाटीवाटीने बसली होती, चपला घालूनच. आबांनी भोंगा तोंडाला लावला, शिट्टी वाजली आणि पाच होड्या सुटल्या.

सारिकाने दांडा धरला. पहिल्या वाऱ्याला शीड भरलं, होडी कलली, आणि हाताखालचं लाकूड जिवंत झालं. पाणी सुकाणूला ढकलत होतं आणि सुकाणू तिच्या तळहाताला. ती पोरांना सांगायची, घट्ट धरू नका, कोणाचं तरी बोट धरल्यासारखं धरा. तिने तसंच धरलं.

“ताई, ओढा.”

“ओढते, वहिनी.”

“आता सोडा. सोडा म्हटलं ना!”

“अगं हो, सोडते!” दिपमाला हसली. “मी तुला इतकी ओरडायचे का?”

“याच्याहून जास्त.”

दोन फेऱ्या होत्या. धक्क्यापासून पलीकडच्या लाल पिंपापर्यंत आणि परत, असं दोनदा. पहिल्या फेरीअखेर गिरणा पुढे होती आणि बोरी तिच्या मागोमाग. दुसऱ्या फेरीत निम्म्या वाटेवर सारिकाच्या उजव्या कानाला गार लागलं. बाकीच्या चारही होड्या सरळ गेल्या, तिने एकटीने होडी उजवीकडे काढली. “कुठे निघालीस?” दिपमाला म्हणाली, पण दोर सोडला नाही. तिकडे वारा खरंच होता. बोरी पाणी कापत गिरणाच्या पुढे गेली आणि काठावर पोरांनी आरडाओरडा केला. सारिकाला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. लग्नाआधी आईच्या मळ्यातल्या झोक्यावर उंच गेल्यावर जसं पोटात व्हायचं, तसं इतक्या वर्षांनी झालं.

तेवढ्यात तिला बाभळीखाली पांढरी टोपी दिसली.

टोपीसमोर सुनंदाबाईंचं हिरवं पातळ होतं. त्या ताट घेऊन जमिनीवर बसल्या होत्या आणि पदराने वारा घालत होत्या. सारिकाचा जीव भांड्यात पडला. लाल पिंप आता वीस हातांवर होतं. पिंपाला वळसा, मग सरळ काठ, पाव तासाचं काम.

आणि वारा पडला.

फळ्यावर लिहिलेल्या वेळेच्याही आधी पडला. आधी पुढचं शीड लोंबलं, मग मोठं. सुकाणूतला जीव गेला. मागे गिरणा उभी राहिली, पांझरा उभी राहिली, सगळा तलाव ताटात पाणी घातल्यासारखा सपाट झाला. ऊन एकदम अंगावर आलं.

बऱ्याच वेळाने दिपमाला खाली वाकली. तळाशी पडलेलं वल्हं तिने ओढून काढलं आणि मागे सारिकाच्या पुढे धरलं.

“घे.”

सारिकाने वल्ह्याकडे पाहिलं.

“त्या दिवशी मी दिलं नाही,” दिपमाला म्हणाली. “तू मागितलंस आणि मी दिलं नाही. मला जिंकायचं होतं, वहिनी. वर्षभर धुळ्याला घर, शाळा, सासू, सगळं सांभाळायचं आणि वर्षातून एकदा हे. तुझा भाऊ बसलाय हे मला दिसत होतं. तरी मी दिलं नाही. खांदाबिंदा काही दुखत नाही माझा.”

“माहितीये.”

“मग घे. चौदा वर्षं मला याच्यावरून झोप लागत नाही, असं मी म्हणणार नाही. लागते. पण आखाजी आली की नाही लागत.”

सारिकाने हात पुढे केला नाही. तिला स्वतःचंच नवल वाटलं. तिच्या मनात आलं, थोडं थांबू. येईल वारा. अगदी हेच, याच शब्दांत. आणि त्या क्षणी नणंदेवरचा तिचा सगळा राग विरघळून गेला, कारण रागवायला ती आता वेगळी कोणी उरलीच नव्हती.

“ठेवा ताई खाली,” ती हळूच म्हणाली. “थोडं बघू.”

काठावर वना उठून उभा राहिला. त्याने पिशवी उचलली.

“निघाला,” सारिका म्हणाली. तिने हात पुढे केला. “ताई, निघाला तो. द्या, द्या ते वल्हं.”

“थांब. बघ तरी.”

वना सडकेकडे वळला नव्हता. त्याने पायातल्या वहाणा काढून बाभळीखाली ठेवल्या, विजार गुडघ्याच्या वर दुमडली आणि तो सरळ पाण्यात शिरला. भोंग्यातून आबांचा आवाज आला, “ओ पाहुणे! पाहुणे, तिथे गाळ आहे!” पाहुणे थांबले नाहीत. ऐन उन्हाळ्यात चिंधाबाबांच्या जुन्या शेताच्या बांधावर कमरे-छातीएवढंच पाणी उरतं आणि तो बांध थेट लाल पिंपापाशी जातो, हे क्लबातल्या पोराठोरांना ठाऊक होतं. वनाला ते कोणी सांगितलं नव्हतं. पण शेतकरी माणूस, पायाला बांध लागला आणि तो त्याच्यावरून चालत निघाला. पिशवी डोक्यावर घेतलेली, पाणी मांड्यांना, मग कमरेला, मग छातीला. सारिकाला तो आता स्पष्ट दिसायला लागला. केस पांढरे झाले होते. चौदा वर्षांत तिने त्याला दोन-तीनदा पाहिलं होतं, पण नीट पाहिलं नव्हतं.

तो होडीपासून हातभर अंतरावर आला आणि त्याने आधारासाठी हात पुढे केला.

“हात लावू नको!” सारिका ओरडली.

वनाचा हात हवेतच थांबला. “का वं?”

“शर्यत बाद होई.”

त्याने आजूबाजूला पाहिलं. पाच होड्या, एकही हलत नव्हती. “कोनती शर्यत?”

दिपमालाला हसू आवरेना. सारिकालाही हसू आलं आणि ते डोळ्यांतून बाहेर पडलं. वनाने हात खाली घेतला.

“बरं. मंग मी आठेच उभा ऱ्हास,” तो म्हणाला, आणि छातीभर पाण्यात, डोक्यावर पिशवी धरून, बहिणीपासून हातभर अंतरावर खरंच उभा राहिला.

“जेवना का तू?”

“जेवनू. तुनी सासू उठूच दिये ना. पाच सांजोऱ्या खावाड्यात. मन्ही चूक व्हयनी, मन्ही चूक व्हयनी, सारखी तेच.”

“तू तं म्हणे, या पानीवर पाय ठेवाव नही.”

“पानीवर कोठे ठेवा? पानीमा ठेवा.”

सारिकाने विचारलं, “माय कशी शे?”

वनाने डोक्यावरची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “सारू, माय आते कोनले वयखत नही. माले बी नही. तीन वरीस व्हई ग्यात.”

सांजोऱ्या बंद झाल्या त्यालाही तीनच वर्षं झाली होती; आई माणसं ओळखेनाशी झाली म्हणून त्या थांबल्या होत्या. सारिकाचा हात दांड्यावर तसाच राहिला.

“माले सांगं नही.”

“कसं सांगू? मूय लावं नही, अन असं सांगाले कोनता तोंडवरी येऊ?” त्याचा आवाज फाटला. “दिनभर दारमा बठस. येनारा-जानारा बठ्ठासले इचारस, सारी उनी का? एक दिन मन्ही बायको तिना सामने उभी ऱ्हायनी, म्हणे, मीच सारी. तं माय म्हणे, तू नही. मन्ही सारी पानीवर शे.”

दिपमालाने तोंड दुसरीकडे वळवलं. सारिकाला वाटत होतं, आता आपण मोठ्याने रडू. पण रडू आलं नाही. चौदा वर्षं ती आईची वाट पाहत होती असं तिला वाटत होतं, आणि तिकडे दारात बसून आई तिची वाट पाहत होती. दोघींमध्ये एक दिवसाचासुद्धा रस्ता नव्हता. केसांतून तेलाचा हात फिरवणारी आई आता कुठेच नव्हती, आणि तिच्याकडे जायला मात्र आजच मूळ आलं होतं.

“तू उनी तरी ती तुले वयखाव नही,” वना म्हणाला. “उगाच आशा लिसन नको येऊ. ते सांगाले मी पानीमा उनू. तठे, लोकेसमोर, माले सांगता येवाव नही. आते सांग. तरी येशी का?”

पश्चिमेकडून पाण्यावर बारीक सुरकुती उठली. ती लाल पिंपाला लागली, पिंप हललं. दिपमालाने मान वळवली.

“वहिनी,” ती हळू आवाजात म्हणाली, “वारा.”

मोठं शीड एकदा फडफडलं आणि भरलं. सारिकाच्या तळहाताखाली सुकाणू पुन्हा जिवंत झालं. मागे गिरणा हलली, पांझरा हलली, काठावरची पोरं ओरडायला लागली, “बोरी! बोरी!” सगळ्यांच्या पुढे तीच होती. पिंप वीस हातांवर होतं. दोर ओढ म्हणायचं आणि निघायचं, एवढंच बाकी होतं. वना पाण्यात तसाच उभा होता, होडीला न लागता, उत्तराची वाट पाहत.

सारिका होडीच्या कडेवरून वाकली आणि तिने भावाचं मनगट धरलं.

“चढ.”

“अन शर्यत?”

“चढ म्हणस ना.”

“इकडून चढा दादा, या बाजूने,” दिपमाला दुसऱ्या कडेला सरकत म्हणाली, “नाहीतर तिघंही बुडू.” तिने दोर सोडून दुसरा हात वनाच्या काखेत घातला. दोघींनी ओढला तेव्हा तो धप्पकन तळाशी, वल्ह्याच्या शेजारी येऊन पडला. होडीत पाणीच पाणी झालं. गिरणा शेजारून निघून गेली, मग पांझरा गेली. भोंग्यातून आबांनी काहीतरी म्हटलं, त्यात बोरी हे नाव होतं, पण पुढचं कोणी ऐकलं नाही. वना उठून बसला. पडू नये म्हणून त्याने आधी हवेत हात फिरवला, मग बहिणीकडे पाहिलं.

“आते हात लावा तं चाली का?”

“चाली,” सारिका म्हणाली, आणि तिने होडीचं तोंड काठाकडे वळवलं.